काम पोटकंत्राटदाराचं, उत्तर मुख्य कंत्राटदाराचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इमारतीचं पूर्ण काम तुम्ही मुख्य कंत्राटदार म्हणून घेतलंत. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग एका पोटकंत्राटदाराला दिलंत, प्लंबिंग दुसऱ्याला. ताबा देऊन काही महिने होतात न होतात तोच खालच्या मजल्यांच्या छतांवर ओल उमटली, रंगाचे पोपडे सुटले. मालकानं शेवटचं बिल अडवलंय, वर छतांच्या दुरुस्तीचा खर्चही मागतोय. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, प्लंबरनं नंतर भोक पाडलं. प्लंबर म्हणतो, मी ड्रॉइंगप्रमाणे पाइप टाकला. आणि तुम्ही विचारताय, चूक माझ्या माणसांची नाही, मग मालकानं ज्याची चूक त्यालाच धरायला नको का?

नको. मालकानं तुम्हालाच धरायचं असतं आणि त्यानं तेच केलंय.

त्याचा करार फक्त तुमच्याशी आहे. वॉटरप्रूफिंगवाल्याला त्यानं निवडलं नाही, त्याचा रेट ठरवला नाही, त्याचं बिल पास केलं नाही. त्यानं तुमच्याकडून न गळणारं बाथरूम विकत घेतलं. ते कुणाच्या हातून करून घ्यायचं हा तुमचा धंद्याचा निर्णय होता आणि त्या निर्णयात जो काही फायदा होता तोही तुम्हीच घेतलात. जगभर वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नमुना करारात हे स्वच्छ लिहिलेलं असतं. त्याच्या १९९९च्या लाल पुस्तकात ('रेड बुक' या नमुन्यात) कलम ४.४ आणि २०१७च्या आवृत्तीत कलम ५.१ पाहा. पोटकंत्राटदाराची कृती किंवा कसूर ही मुख्य कंत्राटदाराचीच समजली जाते. तुमच्या करारात असं कलम नसलं तरी फार फरक पडत नाही, कारण काम पुरं करून द्यायचा शब्द तुम्ही दिलाय. 'मालकाच्या सल्लागारानं त्या पोटकंत्राटदाराला मंजुरी दिली होती' हा बचावही टिकत नाही. मंजुरी म्हणजे आमची हरकत नाही, एवढंच. त्याच्या कामाची हमी कुणी घेतलेली नसते.

चूक कुणाची आणि उत्तर कुणी द्यायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर फरशीखाली सापडेल, दुसऱ्याचं करारात आधीच लिहिलेलं आहे. जबाबदारी मालकाच्या दिशेनं वर आपोआप जाते. तीच पोटकंत्राटदाराकडे खाली उतरवायची असेल तर मात्र कागद लागतो, आणि तोही वेळेवर केलेला. तुमचं भांडण मालकाशी नाहीच. ते खालच्या दोघांशी आहे आणि तिथं तुम्ही किती तयारीनं उभे आहात यावर तुमचा भुर्दंड ठरणार आहे.

अपवाद आहेत, पण ऐकायला वाटतात तितके ऐसपैस नाहीत.

पहिला अपवाद डिझाइनचा. अमेरिकेत यावर १९१८ सालचा स्पिअरिन खटला आजही दाखल्याला काढतात. ब्रुकलिनच्या नौदल तळावर सुकी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा) बांधायची होती आणि त्यासाठी जागेवरची एक मोठी सांडपाणीवाहिनी वळवायची होती. कंत्राटदारानं सरकारनं दिलेल्या नकाशाप्रमाणे ती वळवली. पुढं जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली आणि वाहिनी फुटली. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, नकाशे ज्यानं दिले त्यानंच ते योग्य असल्याची अध्याहृत (न लिहिताही गृहीत धरली जाणारी) हमी दिली, त्यांतल्या दोषाचा बोजा कंत्राटदारावर टाकता येणार नाही. हे तत्त्व सगळ्या देशांत याच रूपात चालत नाही. शिवाय त्याला एक शेपूट आहे. अनुभवी कंत्राटदाराच्या नजरेत यायलाच हवी अशी चूक नकाशात असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर या तत्त्वाचा आधार कमकुवत होतो. वॉटरप्रूफिंगची पद्धत तुमच्याच माणसानं सुचवली असेल तर हा अपवाद विसराच.

दुसरा अपवाद मालकानं लादलेल्या पोटकंत्राटदाराचा, म्हणजे नॉमिनेटेड. इथं सगळं तुमच्या कराराच्या शब्दांवर अवलंबून असतं. फिडिकमध्ये अशा नेमणुकीला वाजवी कारणानं हरकत घ्यायचा हक्क कंत्राटदाराला आहे, पण ती घ्यायची नेमणुकीच्या वेळी. छत गळायला लागल्यावर 'तो तुमचाच माणूस होता' म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तिसरा अपवाद तुम्हाला खरोखर उपयोगी पडू शकतो, म्हणून तो आधी तपासा. ताबा दिल्यानंतर त्या बाथरूममध्ये मालकानं थेट बोलावलेलं कुणी शिरलं होतं का? शॉवरचं काचेचं पार्टिशन बसवणारे जमिनीत स्क्रू मारतात. चार स्क्रू आणि चार भोकं, तीही नेमकी जिथं सगळ्यात जास्त पाणी पडतं तिथं. असं असेल तर ते तुमच्या कामाचा दोष नाही. पण ते दाखवून द्यावं लागेल, नुसतं बोलून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष गळतीकडे. तुमच्या सगळ्या पत्रव्यवहारात मला एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे पाणी नेमकं कुठून येतंय हे कुणी शोधलंय का? तिघं जण एकमेकांवर खापर फोडताहेत आणि फरशी अजून शाबूत आहे.

शोधायची एक ठरलेली रीत आहे आणि तिचा क्रम चुकवू नये. आधी नुसतं निरीक्षण करा. ओल चोवीस तास सारखीच राहते की आंघोळीनंतर वाढते? सतत तशीच राहत असेल तर संशय पाणीपुरवठ्याच्या लाइनवर, कारण तिच्यात दाब कायम असतो. वापरानंतर वाढत असेल तर सांडपाण्याची लाइन किंवा वॉटरप्रूफिंगचा थर. मग पुरवठ्याची लाइन बंद करून प्रेशर टेस्ट घ्या, सहसा कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन. गेजचा काटा उतरला तर प्लंबर. काटा जागेवर राहिला तर पुढं जा. सांडपाण्याच्या ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यात) नळीनं रंगीत पाणी सोडा, जमिनीला एक थेंबही लागू न देता. खाली तो रंग उतरला तर दोष पाइपच्या सांध्यात. नाही उतरला तर ट्रॅपला बूच मारून जमिनीवर दुसऱ्या रंगाचं पाणी कोंडा, इंचभर तरी, आणि निदान चोवीस तास ठेवा. हा दुसरा रंग खाली दिसला की थरातून गळतंय हे पक्कं. दोन रंग वेगळे का, ते आता लक्षात आलं असेल. एकच रंग वापरला तर दोन्ही चाचण्यांचा निकाल एकमेकांत मिसळतो आणि पुन्हा वादाला तोंड फुटतं. ओल झिरपायला वेळ लागतो, त्यामुळे दोन चाचण्यांमध्ये अंतर ठेवा आणि घाई करणाऱ्याला थांबवा.

यानंतरच फोडायचं, तेही एकाच जागी, आणि दोन्ही पोटकंत्राटदारांना आगाऊ लेखी कळवून, त्यांच्यासमोर. पाइप स्लॅबमधून जिथं खाली उतरतो तिथली फरशी आणि खालचा मसाला काळजीपूर्वक काढा. हातोडा जपून, कारण तिथला पुरावा नखाएवढा असतो. लेपाचं वॉटरप्रूफिंग असेल तर पाइपच्या भोवतीची कड पाहा. लेप देताना पाइप जागेवर असेल तर लेप पाइपवर चढलेला दिसतो, त्याची एक कॉलर तयार झालेली असते. पाइप नंतर घातला असेल तर लेपाची कड कापल्यासारखी तुटलेली असते, तिच्याखाली उघडं काँक्रीट दिसतं आणि कधी कधी भोक पाडतानाची भुकटी तिथंच बसलेली असते. ही कड फोटोत नीट येऊ द्या, बाजूला मोजपट्टी ठेवून. काढलेला तुकडा फेकू नका. पिशवीत घाला, तारीख आणि बाथरूमचा क्रमांक लिहा. 'मी पाडलं नाही' म्हणणाऱ्यासमोर तो तुकडा ठेवला की आवाज खाली येतात.

कड कापलेली निघाली असं धरून चालू. म्हणजे वॉटरप्रूफिंगवाला सुटला, प्लंबर सापडला? थांबा. प्लंबरनं नंतर भोक का पाडलं? बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की कमोडची जागा बदलली, सुधारित ड्रॉइंग आलं, तुमच्या साइट ऑफिसनं ते प्लंबरला दिलं आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला परत बोलवायचं कुणालाच सुचलं नाही. तोवर तो दुसऱ्या साइटवर गेलेला. मग चूक कुणाची? प्लंबरला पाइप हलवायला सांगितलं होतं, त्यानं हलवला. थर दुरुस्त करणं त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याला पत्ताच नाही. दोन पोटकंत्राटदारांच्या मधली ही फट कुणाच्याच कामात मोडत नाही, म्हणून ती मुख्य कंत्राटदाराची. समन्वय हेच तर तुमचं काम, त्यासाठीच मालक तुम्हाला वरचे टक्के देतो. अशा प्रसंगी सगळा खर्च प्लंबरच्या बिलातून कापणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि लवादापुढं गेलात तर ते टिकायचंही नाही. खर्चाचा काही वाटा तुमच्यावर येईलच. माझ्या पाहण्यात पोटकंत्राटदाराच्या नावावर मांडल्या गेलेल्या चुकांपैकी बऱ्याच या जातीच्या असतात. म्हणून डेबिट नोट (पोटकंत्राटदाराच्या नावावर खर्च टाकणारा कागद) लिहिण्याआधी आपल्याच साइट ऑफिसचं ड्रॉइंग रजिस्टर उघडून बघावं, कोणती आवृत्ती कुणाला कधी दिली.

आणखी एक प्रश्न मालकाचा सल्लागार तुम्हाला विचारणारच आहे. फरशी बसवण्याआधी पाणी कोंडून चाचणी घेतली होती का, आणि तिचा कागद कुठाय? फरशी बसवायला हिरवा कंदील तुमच्या माणसानं दिला. चाचणी न घेता दिला असेल तर पोटकंत्राटदाराची चूक झाकायला तुम्हीच हातभार लावला, असं तो म्हणेल आणि त्यात तथ्य असेल.

आता समजा दोष स्पष्ट निघाला, लेप पातळ होता किंवा कोपऱ्यात भिंतीवर चढवलाच नव्हता. तर वसुली अशी करायची. दोष सापडल्या सापडल्या पोटकंत्राटदाराला लेखी नोटीस. कुठं, काय, फोटो, आणि दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत. त्याला स्वतः येऊन बघायची आणि स्वतः दुरुस्त करायची संधी द्यायलाच हवी. ती न देता दुसऱ्याकडून काम उरकून घेतलंत तर तो म्हणणार, मी माझ्या माणसांकडून हेच अर्ध्या खर्चात केलं असतं. बऱ्याच ठिकाणी हा युक्तिवाद चालतो आणि तुमची वसुली तेवढ्यापुरती कापली जाते. पाणी विजेच्या पॅनेलवर ठिबकतंय अशी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथं आधी दुरुस्ती, पण त्याला त्याच दिवशी कळवून आणि उघड्या जागेचे फोटो काढून.

मुदत उलटली की त्याच्या जोखमीवर आणि खर्चानं दुसऱ्याकडून करून घ्या. खर्चात काय धरता येतं? फोडणं, मलबा हलवणं, नवा थर, फरशी, खालच्या छतांचा गिलावा आणि रंग, तुमच्या माणसांची देखरेख. काय धरता येत नाही? मूळ कामापेक्षा भारी सामान. गळती दुरुस्त करताना मालकाच्या सांगण्यावरून मोठ्या मापाच्या नव्या टाइल्स बसवल्या तर तो फरक पोटकंत्राटदाराच्या माथी मारता येणार नाही. डेबिट नोटमध्ये मापं, मजुरांची हजेरी आणि बिलांच्या प्रती हव्यात. गोल आकडा लिहिलेली डेबिट नोट म्हणजे भाव करायला दिलेलं आमंत्रण. शेवटच्या बिलाच्या वेळी पहिल्यांदाच उगवलेली डेबिट नोट तर आणखी वाईट. आधी एकही पत्र नसेल तर ती सूड वाटते आणि बहुधा असतेही.

या सगळ्यात तुमची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की वॉटरप्रूफिंगवाल्याची 'एक वर्षाची गॅरंटी' होती आणि त्याचं रिटेन्शन (दोषांसाठी बिलातून राखून ठेवलेली रक्कम) तुम्ही सोडलंय. हिशेब मांडून बघा. समजा पूर्ण काम २४ महिन्यांचं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग १०व्या महिन्यात संपलं. त्याची गॅरंटी त्याचं काम संपल्यापासून मोजली तर ती २२व्या महिन्यात संपली. मालकाकडे तुमचा दोषदायित्व काळ (निघालेले दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, तीही एक वर्षाची धरू) ताबा दिल्यापासून, म्हणजे २४व्या महिन्यापासून सुरू होतो आणि ३६व्या महिन्यापर्यंत चालतो. बाथरूममध्ये पहिली बादली ओतली गेली त्याच्या आधीच त्याची गॅरंटी संपली होती. पायलिंग, पाया, तळघराचं वॉटरप्रूफिंग, जमिनीखालचे पाइप, जी कामं आधी संपतात त्या सगळ्यांत हा खड्डा असतो. आणि नेमकी हीच कामं नंतर उघडून बघणं सगळ्यात महाग. पोटकंत्राटात एक वाक्य असतं तर हा खड्डा बुजला असता: दोषदायित्व काळ मुख्य करारातल्या ताब्याच्या तारखेपासून मोजला जाईल.

तरी अगदीच हात टेकू नका. दोषदायित्व काळ संपला म्हणजे पोटकंत्राटदाराची सगळी जबाबदारी संपली असं बहुतेक कायद्यांत नसतं. त्या काळात परत येऊन दुरुस्त करायचं बंधन असतं. ते संपल्यावरही करारभंगाबद्दल भरपाई मागायचा हक्क कायद्यानं घातलेल्या मुदतीपर्यंत राहतो, करारात तो स्पष्टपणे काढून टाकला नसेल तर. मुदती देशोदेशी वेगळ्या. फ्रान्समध्ये इमारतीच्या मजबुतीला किंवा वापराला बाधा आणणाऱ्या दोषांची जबाबदारी बांधणाऱ्यावर १० वर्षं राहते आणि त्यासाठी विमा सक्तीचा आहे. भारतात रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यानं ताबा दिल्यापासून ५ वर्षं प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, दोष दुरुस्तीचं बंधन घातलंय. म्हणजे मुख्य कंत्राटदारावर प्रवर्तकाकडून येणारा दबावही ५ वर्षं चालू राहणार, करारात काहीही लिहिलेलं असो. तेव्हा तुमच्या ठिकाणचा कायदा वकिलाकडून तपासा, पण 'गॅरंटी संपली' हे वॉटरप्रूफिंगवाल्याचं वाक्य अंतिम मानू नका.

'बॅक टू बॅक' बद्दल, म्हणजे मुख्य कराराच्या अटी जशाच्या तशा पोटकंत्राटात उतरवण्याबद्दल, तुम्ही विचारलंय. पोटकंत्राटात 'मुख्य कराराच्या सर्व अटी तुम्हाला लागू' एवढी एक ओळ टाकून लोक निर्धास्त होतात. पोटकंत्राटदारानं मुख्य करार पाहिलेलाही नसतो. मग कोणती अट त्याला लागू आणि कोणती फक्त मालक-कंत्राटदारातली, यावर वाद. रकमा झाकून मुख्य कराराची प्रत जोडावी आणि दोषदायित्व, विलंब, नोटिशीची मुदत, सुरक्षितता, नुकसानभरपाईची हमी एवढ्या गोष्टी तरी पोटकंत्राटात स्वतंत्र लिहाव्यात. नोटिशीच्या मुदतीत तर आणखी एक काळजी. मालकाला कळवायला तुमच्याकडे २८ दिवस असतील तर पोटकंत्राटदारानं तुम्हाला कळवायची मुदत २१ किंवा १४ दिवस हवी. दोन्ही २८ ठेवल्या तर त्याचं पत्र तुमच्या हातात पडतं तेव्हा तुमची वेळ संपलेली असते.

'मालकानं दिले की तुला देतो' हे कलम मात्र जपून वापरा. इंग्लंडमध्ये १९९६च्या कायद्यानं बांधकाम करारांतलं हे कलम निष्प्रभ ठरवलंय, वरचा पैसे देणाराच दिवाळखोर झाला असेल तर तेवढा अपवाद. कायद्याचं सोडा, ज्या पोटकंत्राटदाराचे पैसे तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या गळतीपायी अडवलेत तो पुढच्या कामावर त्याची चांगली माणसं पाठवणार नाही. रिटेन्शन म्हणजे दोष दुरुस्तीची ठेव. काही कंत्राटदार त्याला शेवटची सूट समजतात. त्यांच्याकडे दोष निघाला की परत यायला पोटकंत्राटदाराला कारणच उरत नाही.

करार नसलेल्या लोकांचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न, खालच्या मजल्यावरचा भाडेकरू थेट तुमच्यावर दावा लावू शकतो का? इथं कायदा आधीच्या प्रश्नांइतका सरळ नाही. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहापुढं १९८८ साली एक खटला निकालात निघाला, डी अँड एफ इस्टेट्स नावानं तो ओळखला जातो. फ्लॅटमधला गिलावा पोटकंत्राटदारानं उत्पादकाच्या सूचना डावलून केला होता आणि काही वर्षांनी तो सुटायला लागला. फ्लॅटधारकांचा मुख्य कंत्राटदाराशी करार नव्हता. सक्षम वाटणारा पोटकंत्राटदार नेमला असेल तर त्याच्या निष्काळजीपणाबद्दल मुख्य कंत्राटदार अशा त्रयस्थाला जबाबदार नाही, आणि गिलावा बदलण्याचा खर्च हे निव्वळ आर्थिक नुकसान, असं ठरलं. ऐकायला दिलासादायक वाटतं. पण ते निव्वळ दुरुस्तीच्या खर्चापुरतं. गिलावा कुणाच्या डोक्यात पडला, पाण्यानं कुणाचं सामान भिजलं, तर चित्र बदलतं. इतर देशांतली न्यायालयं याच रस्त्यानं गेलेली आहेत असंही नाही, आणि त्या देशात स्वतंत्र कायदा झाला की जुना निकाल बाजूला पडतो.

माणसाला इजा झाली तर पोटकंत्राटाचा आडोसा जवळपास मिळतच नाही. साइटचा ताबा तुमचा, मचाण कुठं बांधायचं आणि गेट कधी उघडायचं ते तुम्ही ठरवता. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेचं धोरण इथं बघण्यासारखं आहे. एकाच धोक्याबद्दल ती चार प्रकारच्या मालकांना (इथं मालक म्हणजे कामगार ठेवणारे) दोषी धरू शकते: ज्यानं धोका निर्माण केला, ज्याचे कामगार धोक्यात होते, ज्याच्यावर तो दूर करायची जबाबदारी होती, आणि ज्याचं साइटवर नियंत्रण होतं. हा चौथा म्हणजे तुम्ही. डक्टच्या उघड्या तोंडावरचं झाकण कुणी काढलं याची चौकशी पुढं होईल, पण ते उघडं आहे हे तुमच्या सुपरवायझरला दिसायला हवं होतं, हा प्रश्न आधी.

विम्यावर भिस्त ठेवू नका. कंत्राटदाराची ऑल रिस्क पॉलिसी असते, तिच्या नावावरून वाटतं सगळंच आलं. सहसा सदोष कारागिरी दुरुस्त करायचा खर्च त्यातून वगळलेला असतो. त्या दोषामुळे दुसऱ्या चांगल्या कामाचं जे नुकसान झालं ते शब्दरचनेप्रमाणे मिळू शकतं. म्हणजे नवा वॉटरप्रूफिंगचा थर तुमच्या खिशातून, खालच्या छताचा रंग कदाचित विम्यातून. शिवाय ताबा दिल्यानंतर ही पॉलिसी बहुधा संपलेली किंवा आक्रसलेली असते. तरी विमा कंपनीला आत्ताच कळवा. उशिरा कळवल्याचं कारण देऊन दावा नाकारणं त्यांना फार सोपं जातं.

थोडं विषयांतर, पण तुम्ही शॉप ड्रॉइंगवर (पोटकंत्राटदारानं प्रत्यक्ष बनवण्यासाठी काढलेल्या नकाशावर) न बघता शिक्के मारता असं तुमच्याच पत्रात ओझरतं आलंय म्हणून. १७ जुलै १९८१ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचे लॉबीवरचे टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत एकच लांब लोखंडी दांडा वरून निघून दोन्ही पुलांना पेलत होता. फॅब्रिकेटरच्या (लोखंडी काम बनवणाऱ्याच्या) सोयीसाठी त्याचे दोन दांडे झाले, खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला. कागदावर फरक बोटभर. पण वरच्या तुळईखालच्या नटवर आता दोन पुलांचं वजन आलं, म्हणजे दुप्पट. मूळ जोडही पुरेसा मजबूत नव्हता. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. बदल फोनवर विचारून केला असं फॅब्रिकेटरचं म्हणणं, असा फोन आलाच नाही असं इंजिनिअरच्या कार्यालयाचं. इंजिनिअरांचे परवाने गेले. पोटकंत्राटदार जो बदल 'किरकोळ' म्हणून सुचवतो तो वजन, पाणी किंवा आग यांतल्या कशाशी संबंधित असेल तर डिझाइन करणाऱ्याच्या लेखी उत्तराशिवाय पुढं जाऊ नये. फोनवर झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलमध्ये उतरवावं.

पुढच्या कामासाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा, झाकण्याआधी थांबण्याच्या जागा. काँक्रीट ओतण्याआधी सळई आणि कव्हर ब्लॉक (सळईखाली अंतर राखणारे ठोकळे), गिलाव्याआधी भिंतीतले पाइप दाबाखाली, फरशीआधी पाणी कोंडून ठेवलेलं बाथरूम. प्रत्येक ठिकाणी आधी काम करणारा, नंतर काम करणारा आणि तुमचा इंजिनिअर, तिघांच्या सह्या एकाच कागदावर. नंतर येणाऱ्याची सही महत्त्वाची. फरशीवाल्यानं 'खालचं काम ठीक मिळालं' म्हणून सही केली की तो पुढं खालच्याकडे बोट दाखवू शकत नाही, आणि सही करायची आहे म्हटल्यावर तो वाकून बघतोही. सह्या झाल्याशिवाय पुढच्याचं बिल नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे. बाकी लांबलचक चेकलिस्ट कुणी वाचत नाही, सगळ्या एका पेनानं एका दिवसात भरलेल्या असतात.

आत्ता, या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. मालकाला लिहा की दोषाची तपासणी तुम्ही अमुक तारखेपासून करताय, दुरुस्ती तुम्ही करून द्याल, आणि कारणाबद्दलचे तुमचे हक्क राखून ठेवताय. या पत्रात पोटकंत्राटदाराचं नाव काढू नका, त्यानं मालकाला काहीच फरक पडत नाही आणि तुम्ही हात झटकताय असं मात्र दिसतं. सोबत, अडवलेल्या बिलातली या गळतीशी संबंध नसलेली रक्कम वेगळी दाखवून ती मागा. एका दोषापोटी पूर्ण बिल अडवायचा हक्क बहुतेक करारांत मालकाला नसतो, दुरुस्तीच्या वाजवी खर्चाइतकीच रक्कम तो रोखू शकतो. त्याच दिवशी दोन्ही पोटकंत्राटदारांना स्वतंत्र पत्रं, दोघांना एकच मजकूर, कुणालाही दोषी न ठरवता, चाचण्यांच्या तारखा देऊन आणि हजर राहायला सांगून. प्लंबरचं काही बिल तुमच्याकडे बाकी असेल तर चाचणीचा निकाल येईपर्यंत त्यातला वादाचा तेवढाच भाग थांबवा. आणि पहिल्या चाचणीच्या दिवशी दोन रंग आठवणीनं सोबत ठेवा.